मनाची रोजकीर्द : द्विध्रुवीय विकारातील नोंदींचा इतिहास

मनाच्या आजारात रुग्णाची प्रसन्नता हेच अर्धे औषध असते ही समजूत फार जुनी असली, तरी द्विध्रुवीय विकारापुढे, म्हणजे ज्याला आज सर्रास बायपोलर म्हटले जाते त्या आजारापुढे, ती पहिल्यापासून अडखळत आलेली आहे. कारण या विकाराच्या दोन टोकांपैकी एक टोक प्रसन्नतेचेच, किंबहुना प्रमाणाबाहेर गेलेल्या प्रसन्नतेचे आहे. खिन्नतेच्या टोकाला माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, त्याला स्वतःविषयी आणि भविष्याविषयी काहीही बरे दिसत नाही. उन्मादाच्या टोकाला त्याच माणसाला झोपेची गरज वाटत नाही, विचार एकमेकांना ओलांडून धावतात, पैसा हातात टिकत नाही आणि आपल्याला अशक्य असे काहीच नाही याची त्याला पुरेपूर खात्री पटलेली असते. या दोहोंच्या मध्ये महिन्यांचा किंवा वर्षांचा असा काळ असतो की ज्यात तो माणूस चारचौघांसारखा वागतो. अशा रुग्णाला ‘सकारात्मक राहा’ असे सांगणाऱ्याने हा सल्ला आपण नेमका कोणत्या अवस्थेत देत आहोत हे आधी पाहायला हवे, आणि ते पाहायचे तर मागच्या अवस्थांची नोंद हाताशी असायला हवी. या आजारातील उमेदीचा इतिहास उपदेशांपेक्षा नोंदींच्या इतिहासातून अधिक स्पष्ट दिसतो, आणि ती नोंद कोणाच्या हातात होती यावर त्यातील बरेच काही अवलंबून राहिले आहे.

प्रसन्नतेचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर करणाऱ्या संस्थांत इंग्लंडमधील ‘यॉर्क रिट्रीट’चे नाव अग्रभागी येते. क्वेकर पंथाचे चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने 1796 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत साखळदंड आणि मारहाण यांऐवजी बाग, कामधंदा, संभाषण आणि सभ्य वागणूक यांवर भर होता, आणि या पद्धतीला पुढे ‘नैतिक उपचार’ असे नाव पडले. येथे ‘नैतिक’ याचा अर्थ सदाचाराशी संबंधित असा नसून मनाच्या मार्गाने केलेला, असा आहे. मात्र एकच उपाय सर्वांना चालत नाही हे रिट्रीटच्या चालकांनाही ठाऊक होते. खिन्न रुग्णाला फिरायला नेणे, त्याला माणसांत बसवणे, त्याचे मन रमवणे हा क्रम होता, तर उन्मादाच्या रुग्णाला गडबडीपासून दूर ठेवून त्याला झोप कशी लागेल याकडे लक्ष दिले जाई. विल्यम यांचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी 1813 मध्ये संस्थेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात झोप न येणाऱ्या उन्मादी रुग्णांना रात्री मांस किंवा चीज, पाव आणि पोर्टर नावाची काळी बिअर असे पोटभर जेवण दिल्याने गुण येतो, असे नमूद आहे. आजच्या डॉक्टरांना त्यातील बिअर पसंत पडणार नाही, परंतु उन्मादात आधी झोप सांभाळावी हा त्यामागचा विचार दोन शतकांनंतरही बदललेला नाही.

तथापि खिन्नता आणि उन्माद हे एकाच आजाराचे दोन चेहरे आहेत हे ओळखायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. पॅरिसमध्ये 1854 च्या सुमारास झाँ-पिएर फाल्रे यांनी ‘चक्राकार वेड’ आणि ज्यूल बायार्जे यांनी ‘दुहेरी स्वरूपाचे वेड’ अशी नावे जवळजवळ एकाच वेळी मांडली, आणि मान कोणाचा यावर दोघांत जाहीर वादही रंगला. फाल्रे यांनी दोन झटक्यांमधील निरोगी काळालाही आजाराच्या चक्रात स्थान दिले हे त्यांचे मोठे योगदान होय. परंतु याच निरीक्षणातून त्यांनी काढलेला निष्कर्ष निराशाजनक होता. सुटा झटका बरा होतो, चक्र मात्र थांबत नाही, असे त्यांचे मत पडले. आजाराला नाव मिळाले, आशा मिळाली नाही.

ती काही अंशी मिळाली ती एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाच्या कार्डांमुळे. हायडेलबर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात 1891 ते 1903 या काळात काम करताना क्रेपेलिन प्रत्येक रुग्णासाठी एक वेगळे कार्ड ठेवत. त्यावर लक्षणे, पूर्वीचे झटके, निदान आणि पुढे रुग्णाचे काय झाले हे थोडक्यात लिहिलेले असे, आणि रुग्ण घरी गेल्यावरही त्याची हकीकत मिळवून कार्डात भर घालण्याचा प्रयत्न होई. ही कार्डे ते सुट्टीतही बरोबर नेत आणि पुन्हापुन्हा वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावून पाहत. त्यांचा प्रश्न साधा होता: रुग्ण आज कसा दिसतो हे बाजूला ठेवले आणि दहा वर्षांनी तो कोठे पोहोचला हे पाहिले, तर कोणते रुग्ण एकत्र येतात? या मांडामांडीतून त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या 1899 मधील सहाव्या आवृत्तीत दोन मोठे विभाग स्थिर झाले. एकात, बुद्धी आणि इच्छाशक्ती यांचा क्रमाने ऱ्हास होत जातो असे त्यांना वाटले ते रुग्ण होते, ज्यांच्या आजाराला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव मिळाले. दुसऱ्यात, झटके येतात, जातात आणि माणूस बहुधा पुन्हा पूर्ववत होतो असे रुग्ण होते, आणि त्यांच्या आजाराला त्यांनी ‘उन्माद-खिन्नतेचे वेड’ म्हटले. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी एकेका रुग्णाच्या आयुष्यातील झटके वर्षावार मांडणारे तक्तेही दिले, ज्यांत वर्षानुवर्षांच्या मोकळ्या जागा झटक्यांइतक्याच ठळकपणे नजरेत भरतात.

क्रेपेलिन हे काही रुग्णांना धीर देण्यासाठी प्रसिद्ध असलेले डॉक्टर नव्हते. त्यांचे आनुवंशिक अवनतीविषयीचे विचार तर आज वाचवत नाहीत. तरीही या आजाराच्या रुग्णाला ‘तुम्ही पूर्वी बरे झाला होता, म्हणून पुन्हाही बरे व्हाल’ असे पुराव्यानिशी सांगण्याची सोय प्रथम त्यांच्या कार्डांनी केली. या कार्डांच्या निष्पक्षपातीपणाविषयी अलीकडच्या इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत: जी कार्डे टिकून राहिली त्यांत मूळ केसपेपरचा फार त्रोटक सारांश असून तो सारांश करतानाच निदानाकडे कल झुकलेला दिसतो. हा आक्षेप रास्त आहे. पण त्याहून मोठी उणीव अशी की ही कार्डे डॉक्टरांच्या पेटीत राहिली. ज्याच्या आयुष्याचा तो हिशेब होता त्याला तो वाचायला मिळत नव्हता.

रुग्णाने आपला हिशेब आपणच लिहावा हा उलट प्रवास अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स यांच्यापासून सुरू झालेला दिसतो. येल विद्यापीठाचे हे पदवीधर 1900 मध्ये खोल खिन्नतेत गेले, आयुष्य संपवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि पुढची तीन वर्षे कनेटिकट राज्यातील तीन वेगवेगळ्या संस्थांत गेली. त्यांतील पहिली दोनहून अधिक वर्षे त्यांना भेटायला येणारे नातेवाईक हे वेषांतर केलेले गुप्तहेर आहेत अशी त्यांची पक्की समजूत होती. ती तुटली कशी याचे त्यांनी केलेले वर्णन मनोविकारशास्त्राच्या वाङ्मयात अपूर्व आहे. त्यांनी आपल्या भावाच्या घरच्या पत्त्यावर गुपचूप एक पत्र पाठवले आणि भेटायला येताना तेच पत्र सोबत आणण्याची अट घातली. 30 ऑगस्ट 1902 रोजी भाऊ ते पत्र खिशात घेऊन आला, आणि आपण लिहिलेला कागद त्याच्या हातात पाहताच समोरचा माणूस खरा आहे याची बिअर्स यांना खात्री पटली. भ्रमाचा डोलारा एका क्षणात कोसळला. मात्र त्यानंतर जे आले ते केवळ बरेपण नव्हते. त्याच दिवसापासून बिअर्स उन्मादाच्या लाटेवर चढले: जग सुधारण्याच्या योजना सुचू लागल्या, लिहायला साधा कागद पुरेना, म्हणून वेष्टनाच्या तपकिरी कागदाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून ते कित्येक फूट लांबीची पत्रे लिहू लागले, आणि रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांशी झगडा करून त्यांनी हिंसक रुग्णांच्या कक्षातील मारहाणही स्वतः सोसली.

बाहेर पडल्यावर बिअर्स यांनी लिहिलेले ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ हे पुस्तक 1908 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून अमेरिकेतील ‘मानसिक आरोग्यरक्षण’ चळवळ उभी राहिली. उन्मादात सुचलेली योजना शुद्धीवर आल्यावर तपासून, माणसे जोडून त्यांनी तडीस नेली, यात या आजाराच्या रुग्णाचे सामर्थ्य दिसते. आणि चळवळीचे हे जनक 1939 मध्ये पुन्हा रुग्णालयात दाखल होऊन 1943 मध्ये तेथेच वारले, यात त्या सामर्थ्याची मर्यादा दिसते. चळवळीच्या गौरवग्रंथांत पहिली गोष्ट विस्ताराने आणि दुसरी एका वाक्यात येते, हे त्या काळच्या आशावादाला धरूनच होते.

बिअर्स यांच्या हस्तलिखिताला ज्यांनी पाठिंबा दिला त्यांत एडॉल्फ मायर हे स्विस वंशाचे मनोविकारतज्ज्ञ होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील फिप्स क्लिनिक त्यांच्या नेतृत्वाखाली 1913 मध्ये सुरू झाले, आणि तेथे त्यांनी ‘जीवन-तक्ता’ ही पद्धत रूढ केली: एका उभ्या कागदावर रुग्णाचे वय, शरीराचे आजार, शाळा, नोकरी, लग्न, मृत्यू, स्थलांतर आणि मनाचे झटके हे सारे वर्षावार शेजारीशेजारी मांडायचे. क्रेपेलिन यांच्या तक्त्यात फक्त आजार दिसत होता, मायर यांच्या तक्त्यात त्या आजाराभोवतीचे आयुष्य दिसू लागले. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांची लय बिघडणे हा आजाराचा मोठा भाग असतो आणि ती लय पुन्हा बसवणे हा उपचार असतो, असे मायर आवर्जून मांडत. त्यांच्या कारकीर्दीत मात्र ही लय सिद्ध करून दाखवण्याचे साधन कोणाजवळ नव्हते आणि तिला आधार देणारे औषधही नव्हते.

औषध आले ते मेलबर्नच्या उपनगरातील एका रुग्णालयातून. जॉन केड यांनी लिथियमच्या क्षारांचा उन्मादाच्या दहा रुग्णांवर झालेला परिणाम सप्टेंबर 1949 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम क्लोराइडमुळे मृत्यू झाल्याने हे द्रव्य बदनाम झाले, आणि केड यांनी ज्याच्यावर प्रथम प्रयोग केला तो रुग्णही पुढे लिथियमच्या विषबाधेनेच दगावला. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारसे अंतर नसल्याने ठरावीक काळाने रक्त तपासणे हा लिथियम-उपचाराचा अविभाज्य भाग झाला, तो या अनुभवांतून.

नोंदीच्या इतिहासात मात्र डेन्मार्कमधील पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. मोगेन्स शौ आणि पॉल क्रिस्चियन बास्ट्रप यांनी 1967 मध्ये 88 स्त्रियांच्या आजाराचे तक्ते प्रसिद्ध केले, ज्यांत प्रत्येकीची एक आडवी रेषा, तिच्यावर झटक्यांचे ठोकळे आणि लिथियम सुरू झाल्यापासूनचा काळ दाखवला होता. औषधापूर्वी सरासरी दर 8 महिन्यांनी येणारा झटका औषध चालू असताना सरासरी 60 महिन्यांनी येत होता. शौ यांच्या सख्ख्या भावाला वारंवार खिन्नतेचे झटके येत आणि लिथियमने ते थांबले होते, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. लंडनमधील बॅरी ब्लॅकवेल आणि मायकेल शेफर्ड या टीकाकारांना मात्र डेन्मार्कच्या या तक्त्यांत विज्ञानापेक्षा श्रद्धाच अधिक दिसली, आणि 1968 मध्ये त्यांनी या साऱ्याला मिथक ठरवू पाहणारा लेख लिहिला. आजार आपोआप ओसरत असेल, मग श्रेय औषधाला का, हा त्यांचा मुद्दा टाकाऊ नव्हता. त्याला उत्तर म्हणून डॅनिश गटाने लिथियमवर स्थिर असलेल्या 84 स्त्रियांपैकी काहींना, कोणालाही न कळू देता, औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिली. पाच महिन्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 39 पैकी 21 जणींना पुन्हा झटका आला, लिथियम घेणाऱ्या 45 पैकी एकीलाही आला नाही. हे निष्कर्ष 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. आज असा प्रयोग करण्याआधी नीतिसमिती दहा वेळा विचार करील, परंतु त्यानंतर झटके टाळता येतात हे वाक्य केवळ धीराचे राहिले नाही.

लिथियमने रुग्णांपुढे एक नवीन पेच उभा केला. ज्या औषधाने खिन्नता जाते त्याच औषधाने चढत्या दिवसांची झिंगही जाते, आणि कित्येकांना ती झिंग हेच आपले खरे व्यक्तिमत्त्व वाटत असते. लेखक-कलावंतांत ही भीती विशेष होती. म्हणून शौ यांनी लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांची विचारपूस केली, तेव्हा 12 जणांनी आपले काम वाढल्याचे, 6 जणांनी तेवढेच राहिल्याचे आणि 6 जणांनी घटल्याचे सांगितले. पुढे के रेडफिल्ड जेमिसन या जॉन्स हॉपकिन्समधील मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापिकेने 1995 मधील ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या आत्मकथनात औषध नाकारण्याचा आणि त्याच्या परिणामांचा आपला स्वतःचा इतिहास उघड केला, तेव्हा तज्ज्ञ आणि रुग्ण एकाच खुर्चीत बसलेले वाचकांना दिसले.

या सर्व काळात ‘सकारात्मक विचार’ नावाचा एक वेगळाच प्रवाह बाजारपेठेत जोर धरत होता. नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकांचे त्याच विषयावरील पुस्तक 1952 मध्ये आले आणि अफाट खपले. त्याच्या आधीच, 1937 मध्ये, शिकागोतील मनोविकारतज्ज्ञ अब्राहम लो यांनी रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांसाठी ‘रिकव्हरी’ नावाची संघटना काढली होती; तेथे सभासदांना आपण असामान्य आहोत ही कल्पना सोडून सामान्य माणसासारखी छोटी छोटी कामे करत राहण्याचे वळण लावले जाई. पील यांनी स्वप्न मोठे करायला सांगितले, लो यांनी ते लहान करायला सांगितले. आणि द्विध्रुवीय विकाराच्या रुग्णाच्या दृष्टीने पाहता लो यांचाच सल्ला अधिक उपयोगी म्हणावा लागतो. अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी विचार तपासण्याच्या ज्या पद्धती विकसित केल्या, त्यांचाही भर गोड विचारांवर नसून खऱ्या विचारांवर होता. एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून कि. मो. फडके यांनी ती पद्धत महाराष्ट्रात रुजवली आणि मराठीत तिला ‘विवेकनिष्ठ’ हे विशेषण लाभले, ते या दृष्टीने अगदी योग्य आहे. शेरी जॉन्सन या अमेरिकन संशोधिकेने 2000 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की एखादे उद्दिष्ट साध्य झाल्याची घटना, म्हणजे सामान्यतः पेढे वाटण्याचा प्रसंग, या विकाराच्या रुग्णांत पुढील काळात उन्मादाची लक्षणे वाढवू शकते. यशाच्या दिवशी सावध राहा असा सल्ला कोणत्याही प्रेरणादायी पुस्तकात सापडणार नाही.

ही सावधगिरी रोजच्या व्यवहारात आणली ती नोंदीच्या नव्या प्रकारांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रॉबर्ट पोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रेपेलिन आणि मायर यांच्या तक्त्यांचा वारसा घेऊन रुग्णाने स्वतः रोज भरायचा तक्ता तयार केला. त्यात दिवसाची मनःस्थिती 0 ते 100 या मोजपट्टीवर लिहायची असते, शेजारी झोपेचे तास, घेतलेल्या गोळ्या आणि दिवसातील घडामोडी. आणि मोजपट्टीवर समतोलाचा आकडा 50 हा असतो. शाळेपासून शंभरापैकी शंभराचा ध्यास घेतलेल्या माणसाला पन्नाशीत समाधान मानायला शिकवणारा हा कागद आहे. जमाखर्चाच्या रोजकीर्दीप्रमाणे त्याचे मोल एका दिवसाच्या आकड्यात नसते, महिनाअखेर पाने उलटताना ते कळते: झोप आधी घटली होती की उत्साह आधी वाढला होता, हे तेथे नेमके दिसते.

इंग्लंडमधील मँचेस्टरच्या संशोधकांनी 1999 मध्ये 69 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात रुग्णाला आपापल्या झटक्याच्या आगाऊ खुणा ओळखून लगेच मदत घ्यायला शिकवले, तेव्हा उन्मादाचा पुढचा झटका लक्षणीय लांबला, खिन्नतेच्या झटक्यांवर मात्र परिणाम दिसला नाही. बार्सिलोनात फ्रान्सेस्क कोलोम आणि एद्वार्द विएता यांनी 120 रुग्णांवरील अभ्यासात 21 बैठकींचा गट-अभ्यासक्रम राबवला, ज्यात आजाराची माहिती, औषधे, आगाऊ खुणा आणि नियमित दिनक्रम हेच विषय होते, आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष पुष्कळच आश्वासक ठरले. पिट्सबर्गमध्ये एलेन फ्रँक यांनी मायर यांच्या लयीला अखेर मोजमाप दिले: उठण्याची वेळ, दिवसातील पहिल्या माणसाशी गाठ पडण्याची वेळ, काम सुरू करण्याची वेळ, रात्रीच्या जेवणाची वेळ आणि झोपण्याची वेळ या पाच वेळा रोज लिहायच्या आणि त्या शक्यतो हलू द्यायच्या नाहीत. सूर्योदयाला उठून ठरल्या वेळी जेवणाऱ्या आजी-आजोबांना यात नवे काही वाटले नसते. रात्रपाळी, लांबचा विमानप्रवास आणि उशाशी उजळलेला मोबाईल यांच्या काळात मात्र हे पाच आकडे सांभाळणे ही मेहनतीची गोष्ट आहे.

या पद्धतींचे यश सरसकट नाही हेही नोंदले पाहिजे. ब्रिटनमध्ये 253 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत विचार-वर्तन उपचाराचा एकंदर फायदा दिसला नाही. पूर्वी ज्यांना बाराहून कमी झटके आले होते त्यांना तो उपयोगी पडलासा वाटला, त्याहून अधिक झटके आलेल्यांना नाही. म्हणजे कागद आणि पेन्सिल लवकर हातात पडणे महत्त्वाचे असावे. ज्याचे निदानच दहा वर्षे लांबते त्याच्या पदरात हा लाभ पडत नाही, आणि त्याला ‘तू मनावर घेत नाहीस’ असे म्हणणे केवळ अन्यायाचे ठरते.

बऱ्या काळात लिहिलेला कागद वाईट काळात कामाला यावा या कल्पनेला भारतात आता कायद्याचे रूप मिळाले आहे. 1912 च्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता आणि त्याचा रोख रुग्णाला बंदिस्त ठेवण्यावर होता. 1987 च्या कायद्याने भाषा बदलली. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 पासून अमलात आला आणि त्याच्या पाचव्या कलमाने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला, म्हणजे पुढे कधी निर्णय घेण्याची क्षमता हरपली तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हे आधीच लेखी नमूद करता येते. द्विध्रुवीय विकाराला ही तरतूद विशेष लागू पडते, कारण मधला निरोगी काळ, जो फाल्रे यांनी प्रथम चक्रात मोजला, तोच असा कागद लिहिण्याचा काळ असतो. अडचण एवढीच की असा निर्देश क्षमता गमावल्यानंतरच लागू होतो, आणि उन्मादाच्या चढणीवरचा माणूस बराच काळ मुद्देसूद बोलतो, व्यवहार करतो, डॉक्टरांनाही पटवतो. त्यामुळे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद नेमक्या कोणत्या दिवशी कपाटातून काढायचा, हा निर्णय आजही बहुधा घरातल्याच कोणाला तरी घ्यावा लागतो.